चौदाव्या लुईची एकहाती सत्ता आणि तिची उधारी

राज्यकारभारावर गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: सगळी सत्ता एका खमक्या माणसाच्या हाती द्या, मग बघा कामं कशी झपाझप होतात. संसदेतली चर्चा, न्यायालयातल्या तारखा, हिशेबतपासणी, हरकती-सूचना हा सगळा ज्यांना अडथळा वाटतो, त्यांनी सतराव्या शतकातल्या फ्रान्सकडे नीट पाहावं. चौदाव्या लुईएवढी एकहाती सत्ता इतकी वर्षं युरोपात क्वचितच कोणाला लाभली. १६४३ मध्ये, वयाची पाच वर्षंही पुरी झालेली नसताना, तो गादीवर आला आणि १ सप्टेंबर १७१५ ला मरेपर्यंत राजा राहिला. त्यातली शेवटची ५४ वर्षं त्याने मुख्य प्रधान न नेमता स्वतः कारभार केला. दावा तपासायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

त्याची सत्ता डोळ्यांना दिसायची तिथे अफाट होती. पण राज्य ज्यांवर चालतं त्या तीन गोष्टींत, म्हणजे कर, कर्ज आणि खरी माहिती यांत, ती दुबळी होती. आणि हा दुबळेपणा निरंकुशतेतूनच आलेला होता. राजाला अडवणारं कोणी नव्हतं, म्हणून त्याच्या शब्दाची हमी घेणारंही कोणी नव्हतं.

लुईला हवी होती ती सत्ता का हवी होती, हे समजून घेतलं पाहिजे. १६४८ ते १६५३ या काळात फ्रान्समध्ये यादवी माजली. पॅरिसचे न्यायाधीश, मोठे सरदार, राजघराण्यातलेच राजपुत्र बंडात उतरले. जानेवारी १६४९ मध्ये दहा वर्षांच्या राजाला रातोरात पॅरिस सोडावं लागलं. ही आठवण त्याच्या मनातून कधी गेली नाही. ९ मार्च १६६१ ला प्रधान कार्डिनल माझारँ वारला आणि दुसऱ्याच दिवशी २२ वर्षांच्या लुईने मंत्र्यांना सांगितलं की यापुढे त्याच्या हुकमाशिवाय कशावरही सही-शिक्का होणार नाही. सर्वोच्च परिषदेत त्याने तीन मंत्री ठेवले. पुढेही ही संख्या साधारण तीन ते पाचच राहिली. आई, भाऊ, राजपुत्र, मोठे सरदार यांना तिथून बाहेर काढलं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला खजिनदार निकोला फुके याला अटक झाली. तीन वर्षांच्या खटल्यानंतर २२ पैकी १३ न्यायाधीशांनी हद्दपारीची शिक्षा दिली. राजाने ती वाढवून जन्मठेप केली. राजाने शिक्षा कमी करण्याची प्रथा सगळीकडे होती, इथे उलटं घडलं. एकहाती सत्तेचं दर्शन म्हणतात ते हेच.

६ मे १६८२ ला दरबार कायमचा व्हर्सायला गेला. तिथला दिवस घड्याळावर चालायचा. सकाळी आठच्या सुमारास मुख्य हुजऱ्या राजाला उठवी. मग मानाच्या क्रमाने एकेका गटाला शयनगृहात प्रवेश मिळे, आणि राजाचा सदरा त्याच्या हाती द्यायचा मान हजर असलेल्यांतल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचा असे. मग प्रार्थना, परिषद, जेवण, शिकार किंवा बागेतला फेरफटका. रात्री दहाला सर्वांसमोर भोजन. झोपायच्या वेळी राजा एकाचं नाव घेई आणि त्या माणसाने मेणबत्तीची दांडी धरून उभं राहायचं. खोलीत उजेड भरपूर असायचा, तरी त्या दांडीसाठी ड्यूक मंडळी झुरत. राणीसमोर डचेसला बिनपाठीच्या तिवईवर बसता येई, इतर स्त्रियांनी उभं राहायचं. लाल अस्तराचा, सोन्या-चांदीच्या भरतकामाचा निळा कोट घालायला राजाच्या सहीचा परवाना लागे आणि असे परवाने मोजकेच होते.

हा सगळा थाट म्हणजे पोकळ हौस, असं समजणं चूक आहे. निवृत्तिवेतनं, प्रांतांची सुभेदारी, पलटणींचं नेतृत्व, बिशपची पदं, मुलींच्या लग्नांना मंजुरी हे सगळं एकाच माणसाच्या मर्जीवर होतं आणि तो माणूस व्हर्सायमध्ये राहत होता. जो दरबारी दिसत नसे त्याच्यासाठी कोणी शब्द टाकला, तर ‘मला तो कधी दिसत नाही’ एवढं राजाचं उत्तर पुरे होई. ज्यांच्या आजोबांनी किल्ले लढवून राजाला जेरीस आणलं होतं, ते नातू तिवईसाठी भांडू लागले. सरदारांची सशस्त्र बंडं संपली. हे लुईचं खरं यश आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. प्रश्न आहे तो त्याच्या किमतीचा.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्हर्सायच्या आरशांनी आणि कारंज्यांनी फ्रान्सचं दिवाळं काढलं, असं सर्रास लिहिलं जातं. आरसेमहाल ७३ मीटर लांब आणि त्यात ३५७ आरसे, हे खरं. कारंज्यांसाठी सीन नदीवर १४ चाकांचं आणि २०० हून जास्त पंपांचं मार्लीचं यंत्र बसवलं, तरी पाणी पुरेना. म्हणून १६८५ पासून अर नदीचं पाणी आणायला हजारो सैनिक खणायला लावले. तापाने त्यांतले अनेक दगावले आणि १६८८ मध्ये युद्ध सुरू होताच काम अर्धवट सोडून दिलं. पैसा आणि जीव वाया गेले. तरीही राजवाड्याचं बांधकाम हा एकूण खर्चातला लहान हिस्सा होता. पैसा गिळला तो युद्धांनी. १६९० च्या दशकात फ्रान्सची फौज साडेतीन लाखांच्या घरात गेली होती. एवढी मोठी फौज तेव्हा युरोपातल्या दुसऱ्या कोणत्याही राजाकडे नव्हती. डिसेंबर १६८९ मध्ये लुईने आरसेमहालातलं चांदीचं सगळं सामान, सुमारे २० टन, वितळवायला पाठवलं. त्यावरच्या कारागिरीला एक कोटी लिव्रच्या (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) आसपास खर्च आला होता, टांकसाळीत त्याचे जेमतेम वीस लाख आले.

मग ज्याच्या शब्दावर साडेतीन लाख माणसं लढायला निघत होती, त्याला चांदीची टेबलं का वितळवावी लागली? कारण ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यावर तो कर लावू शकत नव्हता.

फ्रान्सचा मुख्य थेट कर ‘ताय’. सरदार आणि धर्मगुरू त्यातून मुक्त होते, अनेक मोठी शहरं आणि राजाचे बहुतेक अधिकारीही. भार पडायचा शेतकऱ्यावर. गावावर एकत्रित आकडा यायचा. गावातल्याच दोन-चार जणांना पाळीपाळीने वसुलीचं काम गळ्यात पडायचं, आणि आकडा भरला नाही तर ते तुरुंगात जायचे. त्यामुळे ज्याची पाळी येई तो आधी आपल्या शत्रूवर जास्त आकारणी करी आणि पुढच्या वर्षी तो शत्रू त्याची परतफेड करी. मिठाचा कर, गाबेल, आणखी जाचक. जिथे त्याचा पूर्ण अंमल होता त्या उत्तर आणि मध्य फ्रान्समध्ये १६८०च्या फर्मानाप्रमाणे आठ वर्षांवरच्या दर १४ माणसांमागे वर्षाला एक ‘मिनो’, म्हणजे सुमारे ४९ किलो मीठ सरकारी कोठारातून घ्यावंच लागे. माणशी साडेतीन किलो. हे मीठ फक्त रोजच्या भांड्यात घालायचं. त्यातलं डुकराचं मांस खारवायला वापरलं तर गुन्हा, कारण त्यासाठी वेगळं मीठ विकत घ्यायचं. शेजारच्या ब्रिटनी प्रांतात हा कर नव्हता, तिथे मीठ कितीतरी पटींनी स्वस्त. साहजिकच सीमेवर मिठाची चोरटी वाहतूक हा धंदा झाला आणि ती पकडायला पहारेकऱ्यांचं वेगळं दल पोसावं लागलं. अशा अप्रत्यक्ष करांची वसुली राजा इजाऱ्याने देई. इजारदार सहा वर्षांचा ठेका घेत, ठरलेली रक्कम राजाला देत आणि वर मिळेल ते स्वतः ठेवत.

सरदारांची करमाफी हीच त्यांच्या निष्ठेची किंमत होती. दरबारात मान, हातात निवृत्तिवेतन, जमिनीवर माफी. या बदल्यात ते बंड करत नव्हते. हा व्यवहार कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडला असता तर व्हर्सायचा सगळा डोलारा कोसळला असता.

पैसा हवा तेव्हा राजाकडे दुसरा मार्ग होता, पदं विकण्याचा. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फ्रान्समध्ये न्यायाधीशाची, खजिन्याच्या अधिकाऱ्याची जागा विकत मिळे. १६०४ पासून त्या जागेच्या मानलेल्या किमतीचा साठावा भाग दर वर्षी भरला की ती मुलाकडे वारसाने जाई. आपल्याकडच्या पाटील-देशमुखांच्या वतनाची कल्पना असलेल्याला हे लगेच कळेल. लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याने १६६५ च्या सुमारास मोजणी केली तेव्हा अशी ४५ हजारांहून जास्त पदं निघाली आणि त्यांची बाजारातली किंमत ४० कोटी लिव्रच्या पुढे गेली. कोल्बेरला ती कमी करायची होती. पण पद रद्द करायचं तर मालकाला किंमत परत द्यावी लागते, आणि तेवढे पैसे खजिन्यात कधीच नव्हते.

युद्ध आलं की हे चाक उलट फिरे. राजा फर्मान काढून नवी पदं निर्माण करी. पैसा उद्यावर ढकलता येत नसे, म्हणून एखादा सावकार सगळा गठ्ठा ठोक घेई, आपली दलाली कापून रोख रक्कम खजिन्यात भरी आणि मग एकेक पद किरकोळीने विकी. घेणाऱ्याला दर वर्षी पगाराच्या रूपाने व्याज मिळे, बऱ्याच पदांबरोबर करमाफीही. १६९२ मध्ये शहरांची महापौरपदं विक्रीला काढली. १६९६ मध्ये सरदारकीच्या ५०० सनदा सहा हजार लिव्रना एक या भावाने. म्हणजे आज हाती येणाऱ्या रकमेसाठी उद्याचा करदाता कायमचा गमावायचा आणि वर त्याला दर वर्षी पगार द्यायचा. करमाफी मिळालेला माणूस गावातला सर्वांत सधन असे. त्याचा वाटा उरलेल्या गरिबांच्या आकारणीत जाई.

यातून आणखी एक गोष्ट घडली. ज्या निरंकुश राजाच्या एका सहीने कोणालाही तुरुंगात टाकता येत होतं, त्याला स्वतःचा न्यायाधीश काढून टाकता येत नव्हता, कारण ती खुर्ची न्यायाधीशाच्या मालकीची होती. राजाच्या मर्जीने ठेवता-काढता येणारे त्याचे खरे प्रतिनिधी म्हणजे प्रांतोप्रांतीचे अँताँदाँ. दोन कोटी लोकसंख्येच्या देशात ते होते तीसच्या आसपास. त्यांच्या हाताखाली मूठभर कारकून. बाकी सगळा कारभार वतनदार अधिकाऱ्यांशी जुळवून घेत, मिनतवाऱ्या करत चालायचा. कागदावरची एकहाती सत्ता प्रत्यक्षात अशी दिसायची.

सरदारांवर कर बसवायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. १६९५ मध्ये, स्वतः कारभार हाती घेतल्यावर ३४ वर्षांनी, लुईने माणशी कर आणला. सगळ्या प्रजेचे २२ वर्ग केले. पहिल्या वर्गात युवराज, त्याला दोन हजार लिव्र. शेवटच्या वर्गात साधा शिपाई-मजूर, त्याला एक लिव्र. कल्पना धाडसी होती. पण धर्मगुरूंनी सुरुवातीपासूनच ठोक रक्कम देऊन आपली यातून सुटका केली आणि १७१० मध्ये २ कोटी ४० लाख एकदाच भरून ती कायमची पक्की केली. दरबारातल्यांनी ओळखी वापरून आकडे खाली आणले. थोड्याच वर्षांत हा कर तायला जोडलेली आणखी एक आकारणी होऊन शेतकऱ्यावरच बसला. किल्ले बांधण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता त्या मार्शल वोबाँने आयुष्यभर देश पायाखाली घातला होता. त्याने हे सगळं पाहून एक योजना लिहिली: माफी कोणालाच नको, सर्वांनी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा द्यावा. १७०७ मध्ये ती छापली गेली आणि लगेच तिच्यावर बंदी आली. त्याच मार्चमध्ये वोबाँ वारला.

आता त्याच काळातल्या इंग्लंडकडे पाहू. १६८८च्या क्रांतीनंतर तिथला कर संसद ठरवू लागली. ती काही लोकशाही नव्हती. मतदार थोडे आणि सभासद बहुतेक जमीनदार. पण त्याच जमीनदारांनी १६९०च्या दशकात फ्रान्सशी युद्ध चालू असताना स्वतःच्या जमिनीवर पौंडाला चार शिलिंग, म्हणजे वीस टक्के कर मंजूर केला. खर्चाचे हिशेब संसदेला तपासता येत होते, म्हणून ते द्यायला तयार झाले. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली तेव्हा सरकारला द्यायचे १२ लाख पौंड आठ टक्क्यांनी दोन आठवड्यांच्या आत जमले. तारण होतं संसदेने मंजूर केलेल्या जकातीचं. राजा बदलला तरी ती जकात राहणार, हे सावकाराला ठाऊक होतं.

लुईला उसने देणाऱ्याला असा भरवसा नव्हता. १६६१ नंतर राजाने सावकारांवर खास न्यायालय बसवून त्यांना प्रचंड दंड ठोठावले होते, सरकारी रोख्यांचं व्याज कापलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ज्याच्याविरुद्ध दाद मागायला जागा नाही त्याला पैसे देताना प्रत्येक जण जोखमीची किंमत व्याजात धरतो. आणि इथे एक फार बोलकी गोष्ट दिसते. ब्रिटनी, लांगदोक, बर्गंडी अशा ज्या थोड्या प्रांतांत अजून प्रतिनिधी-सभा जिवंत होत्या आणि राजाला नजराणा किती द्यायचा याची घासाघीस करू शकत होत्या, त्यांची बाजारात पत राजापेक्षा चांगली होती. राजा त्यांच्या नावावर कर्ज काढू लागला. लुईच्या काळाचं अभिमानाने दाखवलं जाणारं काम म्हणजे भूमध्य समुद्राला अटलांटिकच्या वाटेशी जोडणारा, १६६६ ते १६८१ मध्ये झालेला २४० किलोमीटरचा मिदी कालवा. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा लांगदोकच्या सभेने उचलला. एकहाती सत्तेच्या बाजूने हा कालवा पुढे करणाऱ्यांनी ही बाब लक्षात घ्यावी.

व्यापारातही तेच झालं. ज्या १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, त्याच वर्षी कोल्बेरने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली. १६६८ मध्ये तिची वखार सुरतेतच उघडली. भांडवल ठरलं दीड कोटी लिव्र, त्यातले ३० लाख राजाचे. बाकीसाठी दरबारी, न्यायाधीश, शहरं यांच्यावर दबाव आला. राजाला खूश करायला त्यांनी पहिला हप्ता भरला. पुढचे हप्ते भरण्यापेक्षा भरलेले पैसे बुडाले तरी चालतील, असं अनेकांनी ठरवलं. याच्या साठ वर्षं आधी, १६०२ मध्ये, डच कंपनीने सुमारे ६४ लाख गिल्डर लोकांकडून स्वखुशीने उभे केले होते. एकट्या ॲम्स्टरडॅममध्ये हजाराहून जास्त भागधारक होते. हुकमाने माणूस हजर करता येतो, त्याची बचत बाहेर काढता येत नाही.

१७०८ मध्ये तर स्वतः राजाला उठावं लागलं. साँ-सिमाँ या दरबारी ड्यूकने नोंदवून ठेवलं आहे की साम्युएल बेर्नार हा सावकार आणखी कर्ज द्यायला तयार नव्हता, म्हणून लुईने त्याला मार्लीच्या बागांमधून स्वतः फिरवून आणलं. ड्यूकना तिवईसाठी झुलवणारा राजा एका सावकाराला कारंजी दाखवत चालला. कर्ज मिळालं. पुढच्याच वर्षी तो सावकार अडचणीत आला.

कर आणि कर्जाहूनही घातक ठरली ती माहितीची अवस्था. १६८१ पासून प्रॉटेस्टंट कुटुंबांच्या घरात घोडदळाचे शिपाई घुसवले जाऊ लागले. त्यांना जेवण, बिछाना, पैसे द्यायचे. धर्म बदलला की शिपाई शेजारच्या घरी. अर्थातच गावंच्या गावं एका दिवसात कॅथलिक झाली. अधिकाऱ्यांनी हजारोंच्या याद्या व्हर्सायला पाठवल्या, कारण बढती याद्यांवर मिळत होती. ऑक्टोबर १६८५ च्या फर्मानाने लुईने प्रॉटेस्टंटांना १५९८ पासून मिळालेलं धर्मस्वातंत्र्य रद्द केलं. त्याच्या प्रस्तावनेत कारण दिलं आहे की त्या पंथाच्या बहुतेक आणि चांगल्या प्रजेने आता कॅथलिक धर्म स्वीकारलाच आहे. राजाने स्वतःच्याच अधिकाऱ्यांचं खोटं वाचून कायदा केला. त्याला समोरासमोर ‘हे खरं नाही’ म्हणण्याची हिंमत होईल अशी जागा त्याने एकही उरू दिली नव्हती. पॅरिसचं पार्लमाँ हे उच्च न्यायालय पूर्वी फर्मान नोंदवण्याआधी आक्षेप लिहून देऊ शके. १६७३ मध्ये लुईने आधी नोंद, मग हवा तर आक्षेप, असा नियम केला आणि आक्षेप बंद पडले. दीड-दोन लाख माणसं देश सोडून गेली, विणकर, घड्याळजी, छापखानेवाले, खलाशी. १६८९ मध्ये वोबाँने मंत्र्याला लिहून कळवलं की आठ-नऊ हजार उत्तम खलाशी आणि दहा-बारा हजार कसलेले सैनिक शत्रूच्या बाजूला गेले, त्यांना परत बोलवा. काही झालं नाही.

‘पण निदान निर्णय तरी झटपट होत होते’, असं यावर म्हटलं जातं. होत होते. १६६७ चा दिवाणी कायदा, १६७० चा फौजदारी, १६८१ चा सागरी व्यापाराचा कायदा, नवं आरमार, ही कामं खरी आहेत आणि त्यांतली काही शतकभर टिकली. मात्र चुकीचा निर्णयही तितकाच झटपट होत होता आणि तो मागे घेण्याची यंत्रणाच नव्हती. १६९३-९४ च्या दुष्काळात आणि साथींत दहा लाखांहून जास्त माणसं मेली, तरी युद्ध आणखी तीन वर्षं चाललं. जानेवारी १७०९ मध्ये थंडीने पेरलेलं पीक जमिनीतच मेलं. शत्रूंनी तहाच्या अपमानास्पद अटी घातल्या. तेव्हा १२ जून १७०९ ला लुईने प्रजेला पत्र लिहून युद्ध का चालू ठेवावं लागत आहे हे समजावून सांगितलं. ६६ वर्षं राज्य केल्यानंतर त्याला संमतीची गरज भासली. त्या पत्राने लोक हलले, सैन्यभरती झाली. लोकांना विचारलं तर ते साथ देतात, याचा त्याच्याच कारकिर्दीतला हा पुरावा आहे.

तो गेला तेव्हा कर्ज २०० कोटी लिव्रच्या वर होतं आणि वारस होता पाच वर्षांचा पणतू. मृत्युपत्रात त्याने, बालराजाच्या वतीने कारभार पाहणार असलेल्या पुतण्या ऑर्लेआँच्या ड्यूकच्या अधिकारांवर परिषदेचा लगाम घातला होता आणि बालराजाचं संगोपन आपल्या अनौरस मुलाकडे दिलं होतं. २ सप्टेंबरला, मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी, पॅरिसच्या पार्लमाँने ते मृत्युपत्र बाजूला सारून सगळी सूत्रं ऑर्लेआँच्या हाती दिली. पंधरवड्याच्या आत ऑर्लेआँने त्याची परतफेड केली आणि १६७३ मध्ये गेलेला आक्षेपाचा हक्क पार्लमाँला परत मिळाला. हे तेच न्यायाधीश, ज्यांच्या खुर्च्या राजघराण्याने विकल्या होत्या आणि ज्यांना लुई काढू शकला नव्हता. पुढची सत्तर वर्षं त्यांनी हा हक्क वापरला तो मुख्यतः सधन वर्गावर कर बसू न देण्यासाठी. १७८८ मध्ये कर्ज फेडायचे सगळे मार्ग संपले, तेव्हा सोळाव्या लुईला देशाची प्रतिनिधी-सभा बोलवावी लागली. ती १६१४ नंतर एकदाही भरली नव्हती, त्यामुळे ती भरवायची कशी आणि मतं मोजायची कशी, हेच आधी शोधून काढावं लागलं.